तिसऱ्या हाळीआधी

आमच्या गावच्या शाळेतल्या मुलांनी 'माझे गाव' या विषयावर निबंध लिहिले, तेव्हा एकवीस वह्यांमध्ये एकवीस नद्या झुळुझुळु वाहत होत्या. आमच्या गावाला नदी नाही. एक ओढा आहे, तोही दिवाळीनंतर आटतो. पोरांनी गाइडातून उतरवलेली नदी गावाला बहाल केली होती, काठावर हिरवीगार झाडी लावली होती आणि वर पोपटही बसवले होते.

शाळेच्या बाई साताऱ्याकडच्या, बदली होऊन आलेल्या. ब्लाउज टाकायला दहिवलीत माझ्या शिवणाच्या दुकानी आल्या आणि वह्यांची पिशवी माझ्या टेबलावर आपटून म्हणाल्या, "ताई, तुमचं माहेर त्याच गावचं ना? गावामागे एवढी मोठी दगडाची खाण आहे. अर्धा डोंगर कापलेला दिसतो. एकाही पोराला ती दिसली नाही?"

"दिसते हो," मी म्हटलं. "सांगायची लाज वाटते."

बोलून गेले खरी, पण लाज पोरांनी आणली कुठून? आमच्याकडूनच. खदान चालू होती तेव्हा सगळा तालुका आम्हाला 'खडीफोडे' म्हणायचा. कर्जतच्या बाजारात कुणी विचारलं, कुठल्या गावच्या, की आमच्या बाया बेधडक शेजारच्या गावाचं नाव सांगायच्या. मी तर त्यांच्या वरताण. माझं लग्न जमवताना जो माहितीचा कागद फिरवला, त्यावर वडिलांचा व्यवसाय 'शेती' असा लिहिला होता. लिहिला मीच, चांगल्या वळणदार अक्षरात. बाबांना तो वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "शेती? मंग येत्या पावसात कुठं पेरायचं, त्ये बी लिवून ठेव." आणि हसले. ते हसले म्हणून मी समजले, विषय मिटला. माणूस हसतो तेव्हा त्याला लागलेलं नसतं, असं वाटायचं ते वय होतं.

बाबा खदानीत दगड फोडत नव्हते. ते हाळी द्यायचे.

कातळात भोकं पाडून दारू ठासली की बार उडवायचा असे. त्याआधी बाबा लाल झेंडा घेऊन वरच्या कड्यावर उभे राहायचे आणि तीन हाळ्या द्यायचे. पहिली हाळी म्हणजे हातातलं काम टाका. दुसरी म्हणजे आडोशाला व्हा. खदानीच्या तोंडाशी मोठमोठे दगड रचून केलेली एक जाडजूड भिंत होती, तिच्यामागे सगळ्यांनी जायचं. आणि तिसरी हाळी झाली की वात पेटायची.

दुसऱ्या आणि तिसऱ्या हाळीच्या मधे बाबा हजेरी घ्यायचे. खडी फोडायला गावातल्या निम्म्या बाया असत, माझी आईही. दुसऱ्याच्या बायकोला नावाने हाक मारायची आमच्याकडे रीत नव्हती, म्हणून बाबा त्यांना घराच्या जागेवरून पुकारायचे.

"वडाखालची?"

"आली!"

"विहिरीवरची?"

"आली!"

"देवळामागची? वाडीवरच्या तिघी?"

भिंतीमागून एकेक उत्तर यायचं. सगळ्या 'आली' कानावर पडल्याशिवाय तिसरी हाळी नाही. मुकादमाने खालून शिव्या घातल्या तरी नाही. एकदा देवळामागची कुणाला न सांगता ओढ्यावर गेली होती. ती सापडून आडोशाला येईपर्यंत बाबांनी बार अडवून धरला. मुकादमाने रागाने टोपी जमिनीवर आपटली. बाबांनी ती उचलून, झटकून त्याच्या हातात दिली आणि पुन्हा कड्यावर जाऊन उभे राहिले.

बाबांच्या हाळीत कुणाच्या अंगावर साधा खडा पडला नाही. पण याचं कौतुक करायचं कसं? भोकं मारणारे गडी एखाद्या पुलाखालून जाताना सांगायचे, "ह्यात माजा दगड हाय." बायांना निदान रस्ता तरी दाखवता यायचा. बाबांना दाखवायला काही नव्हतं. जे घडलं नाही, ते दाखवणार कुठून? खदान बंद झाली, दगड होता पण परवानगी संपली, आणि बाबा ओट्यावर येऊन बसले ते बसलेच. आई गेल्यावर बोलणंही कमी झालं. मी दोन-तीन दिवसांआड दहिवलीहून डबा घेऊन जायची. त्यांना आता कमी ऐकू येतं. म्हणजे जे ऐकायचं नसतं, तेवढंच कमी ऐकू येतं.

वह्यांच्या त्या पिशवीतून पुढचं सगळं निघालं. गावच्या जत्रेला दरवर्षी बाहेरून ऑर्केस्ट्रा यायचा. बाईंनी गावच्या बैठकीत सरळ सांगितलं की या वर्षी कार्यक्रम गावाने करायचा, खदानीवर करायचा आणि खदानीतच करायचा. खडी चाळायचं यंत्र जिथे बसवलं होतं ती सपाट जागा अजून मोकळी होती. पलीकडे खड्ड्यात पाणी साचून तळं झालंय, त्याला कुंपण घातलेलं आहे. बैठकीत पहिल्यांदा सगळे हसले. एक म्हातारी म्हणाली, "आमी खडी फोडायची नि लोकांनी बगायची? त्यात काय बगायचं गं बाये?"

पण तालमीला आली तीच पहिली. इतकी वर्षं हातोडी कुठे ठेवली होती विचारलं, तर म्हणे रोज रात्री उशापाशी.

तालमीत मला एक गोष्ट नव्याने दिसली, आणि लहानपणभर ती डोळ्यासमोर असून दिसली नव्हती याचा मला स्वतःचाच राग आला. बाया ओळीने बसत. सायकलच्या टायरचं कडं करून त्यात दगड धरायचा आणि वर हातोडी घालायची. पण दोघी शेजारणींनी एकदम हातोडी मारली तर दोन्हीकडच्या कपच्या उडून डोळ्यात जातात. म्हणून एकीची खाली येताना दुसरीची वर. ओळीत आठ जणी बसल्या की ठण्, ठक्, ठण्, ठक् अशी लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. कुणी शिकवलेलं नाही, बसवलेलं नाही. डोळे सांभाळायला केलेली ती युक्ती ऐकताना बाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी शाळेतला ताशा गुपचूप पिशवीत परत ठेवला.

त्या ठेक्यावर बायांची ओवी होती:

डबराची केली खडी, खडी टाकली रस्त्याला,
सांग गाडीवाल्या दादा, ठावं हाय का तुला?

डबर म्हणजे मोठे ओबडधोबड दगड. पोरांना हा शब्द बाईंनी फळ्यावर लिहून दिला आणि पोरांनी घरी जाऊन म्हाताऱ्यांकडून असे आणखी वहीभर शब्द आणले. वाडीवरचे गडी ढोल घेऊन यायला तयार झाले. बार उडायचा तो ढोलातून.

राहिली हाळी. मी बाईंना ऐटीत सांगून टाकलं होतं, "ते माझ्यावर सोपवा. घरचंच माणूस आहे."

घरच्या माणसाने एका प्रश्नात वाटेला लावलं.

"बार हाय का?" बाबांनी विचारलं.

"नाय. कार्यक्रमातला बार. ढोल वाजनार."

"मंग हाळी कशाला? लबाडीची हाळी दिली तर खरी कोन ऐकंल?"

"खरी आता कुठं ऱ्हायली बाबा? खदान बंद हाय."

"खदान बंद हाय," बाबा म्हणाले. "हाळी बंद नाय."

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "तुमी नका देऊ. आमी दुसऱ्या कुनाला तरी शिकवून उभा करू." ते म्हणाले, "करा की," आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी डबा तसाच ठेवून निघाले. चार दिवस फिरकले नाही. पाचव्या दिवशी गेले ती भांडायची पूर्ण तयारी करूनच. रिक्षात बसून मुद्दे पाठ केले होते.

बाबा ओट्यावर चिंचा सोलत बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आली कोन म्हनंल गं?"

"म्हंजे?"

"वडाखालची गेली. विहिरीवरची गेली. देवळामागची परवाच्या साली गेली. तुजी आय गेली." एक चिंच सोलून त्यांनी सुपात टाकली. "मी पुकारनार नि तिकडनं काय बी येनार नाय. मंग तिसरी कशी देऊ? एक बी 'आली' कमी असताना मी तिसरी दिल्याली नाय. मरताना देऊ का आता?"

मी खाली बसले आणि चिंचा सोलायला लागले. इतकी वर्षं मला वाटायचं, बाबा खदान विसरले असतील, नाहीतर त्यांना विसरायची असेल. ते तर अजून कड्यावरच उभे होते, आणि खालून उत्तरं येत नव्हती.

तेवढ्यात वडाखालच्या घरची सून कालवणाची वाटी घेऊन आली. ही घाटावरची, दोन मुलांची आई, खोपोलीकडच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. तिने दारातून सगळं ऐकलं होतं.

"मामा," ती म्हणाली, "वडाखालची आता मी हाय की."

बाबांनी मान वर केली. "तू? तू कदी दगड फोडलास?"

"नाय फोडला. पर आडोशाला जायाला दगड फोडायला लागतोय व्हय?"

बाबा असे हसले की टोपी कानावर आली. "बराबर हाय," ते म्हणाले. "त्येला काय नाय लागत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा काठी घेऊन गावात निघाले. कितीतरी दिवसांनी घराचा उंबरा ओलांडला होता. ते दारोदार जात होते आणि प्रत्येक घरापुढे उभे राहून विचारत होते, "आता हितं कोन ऱ्हातं?" विहिरीवरच्या घरात लेक होती, माहेरी परत आलेली. देवळामागे नातसून होती, अंगणवाडीत काम करते. वाडीवर स्वतः चढवलं नाही, तर निरोप धाडून तिघींच्या जागी कोण ते विचारून घेतलं. प्रत्येकीला सांगायचे, "मंग तू देवळामागची. पुकारीन तवा बोल. मोठ्यानं बोल, मला कमी ऐकू येतं." पोरी तोंडाला पदर, ओढणी लावून हसायच्या आणि मान हलवायच्या.

मग बाबांनी अटी घातल्या. हाळीची तालीम नाही. हाळी एकदाच, त्या दिवशी. आणि आडोशाची भिंत त्यांनी स्वतः तपासल्याशिवाय तर नाहीच. त्याप्रमाणे ते जाऊन भिंतीचा दगड न् दगड हलवून आले. दोन दगड ढिले निघाले, ते गड्यांकडून बसवून घेतले. मी हौसेने लाल साटिनचा झेंडा शिवला, कडेला सोनेरी पट्टी लावली. बाबांनी तो दोन बोटांत धरला. "देवीला वाहा," म्हणाले. मग मांजरपाटाचं कापड रंगवून दुसरा शिवला. शिवण उसवून तोही एकदा परत आला, कारण काठी घालायची जागा सैल झाली होती. तीस वर्षं मी तालुक्याचे ब्लाउज शिवते, इतकी चिकित्सा करणारं गिऱ्हाईक मला भेटलं नाही.

जत्रेच्या दिवशी ऊन उतरल्यावर खदान माणसांनी भरली. पुढे खुर्च्यांवर तालुक्याचे पाहुणे, त्यांच्यामागे सतरंज्यांवर गाव. पोरांनी कापलेल्या कड्याखाली खडूने गावाचा नकाशा काढला होता. त्यात नदी नव्हती. बायांनी ओळीने बसून हातोड्या चालवल्या तेव्हा खदानीच्या तिन्ही भिंतींतून आवाज उलटून यायला लागला. आठ हातोड्यांच्या बत्तीस झाल्या. एका पाहुण्याने वाकून शेजाऱ्याला विचारलं, "यांचं पथक कुठलं?" आमच्या गावचं, हे सांगायला आमची माणसं एकदम चौघंजण पुढे झाली. शेजारच्या गावाचं नाव कुणी घेतलं नाही. मला इतकं भरून आलं की अंधार पडल्यावर लावायला आणलेला हातातला मेणबत्त्यांचा पुडा मी विनाकारण उघडून बसले.

मग बाबा कड्यावर आले. सगळ्यात वरच्या नाही, तिथे आता जाववत नाही. कमरेएवढ्या उंचीच्या एका कातळावर. धुतलेला सदरा, टोपी, हातात झेंडा. त्यांनी हात तोंडाशी नेला.

"बा...र हाय रं! बा...र!"

हा आवाज त्या वाळलेल्या छातीत कुठे राहिला होता, देव जाणे. हातोड्या थांबल्या. तेवढं ठरलेलं होतं.

दुसरी हाळी झाली, आणि मागच्या सतरंज्यांवरचं गाव उठलं.

हे ठरलेलं नव्हतं. आधी म्हातारे उठले. कुणी कुणाकडे बघितलं नाही, कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यांनी नातवंडांची बखोटी धरली आणि भिंतीकडे चालू लागल्या. त्यांच्यामागे त्यांच्या सुना, मुलगे. तरुण पोरं आधी "काय झालं, काय झालं" म्हणत हसत होती, मग तीही गप झाली आणि निघाली. हातोड्या घेतलेल्या बाया गेल्या. ढोलवाले ढोल उचलून गेले. बार उडवायचा होता तेच आडोशाला! बाईंनी कपाळावर हात मारला आणि एक दुसरीतली पोरगी त्यांनाही ओढून घेऊन गेली. दोन मिनिटांत सतरंज्या रिकाम्या, आणि पुढे खुर्च्यांवर पाहुणे तेवढे बसलेले. त्यांना वाटलं कार्यक्रम फसला. एकाने मला विचारलं, "साप निघाला का हो?"

बाबांनी झेंडा त्यांच्याकडे केला. "ओ खुर्चीवाले! उठा! आडोशाला व्हा!"

तालुक्याच्या पाहुण्यांना असं कुणी बोललं नसेल. पण त्या आवाजापुढे बसून राहणं कुणाला जमलं नसतं. ते शाल-नारळ सावरत उठले आणि लगबगीने भिंतीमागे गेले. तिथे म्हाताऱ्यांनी सरकून त्यांना जागा करून दिली.

बाबा थांबले. पार सगळं मैदान त्यांनी डावीकडून उजवीकडे नजरेखालून घातलं. मग पुकारलं.

"वडाखालची?"

"आली!" घाटावरच्या सुनेचा खणखणीत आवाज.

"विहिरीवरची?"

"आली!"

"देवळामागची? वाडीवरच्या तिघी?"

"आली!" "आलो!"

एकामागून एक घर उत्तर देत होतं. आवाज नवे होते, एकही उत्तर चुकत नव्हतं. बाबांची मान दर उत्तराला हलत होती. कापऱ्या मानेचा तो माझा बाप, आणि त्याच्या शब्दावर दोन-अडीचशे माणसं दगडांच्या मागे श्वास धरून उभी होती. याला दाखवायला काही नाही असं मीच म्हणत होते. मला मोठ्याने ओरडून सांगावंसं वाटत होतं, हे माझे वडील, हे खदानीत हाळी देतात.

यादी संपली. बाबांनी झेंडा उचलला, आणि पुन्हा खाली घेतला.

"घरची?"

आईला ते सगळ्यात शेवटी पुकारायचे. म्हातारा हरवला, मला वाटलं, मागच्या वर्षांत गेला. आता उत्तर येणार नाही आणि तो असाच उभा राहणार. माझे डोळे भरून आले, समोरचं काही दिसेना.

"घरची?" बाबा पुन्हा ओरडले. "आगं, तुला म्हनतोय! भाईर काय उबी हायेस?"

मी डोळे पुसले. त्यांचा झेंडा माझ्यावर रोखलेला होता. मोकळ्या मैदानात, रिकाम्या खुर्च्यांच्या मधे, मेणबत्त्यांचा पुडा हातात घेऊन मी एकटी उभी होते.

पन्नाशीची बाई मी, साडी गुडघ्यापर्यंत धरून धावले. वडाखालच्या सुनेने हात धरून मला भिंतीमागे घेतलं. दम लागला होता, तरी जेवढा आवाज होता तेवढा काढून मी म्हटलं, "आली!"

मग बाबांनी तिसरी हाळी दिली.